नमस्कार, मी निधी

नलिनीताई राऊळ आमच्या समोरच्या दारी राहतात, मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. दोन्ही दारं उघडी असली की त्यांच्याकडच्या फोडणीने आमच्याकडे ठसका लागतो. एके काळी त्यांचं बोलणंही असंच आरपार यायचं. खाली भाजीवाला आला की त्या गॅलरीतूनच भाव करायच्या, आणि आवाज न चढवता त्यांचा शब्द न् शब्द खाली पोचायचा.

त्यांचे वडील दशरथ सावंत गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संपानंतर गिरणी सुटली तसं कुटुंब लालबागहून भांडुपला आलं. नलिनीताईंना लग्नाआधीच एलबीएस रोडवरच्या एका औषधाच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. घरी सगळे मालवणी बोलणारे. बोर्डवर मात्र शुद्ध, थांबून, गोड बोलावं लागे. "माझे दोन आवाज होते," त्या सांगतात. "एक घरचा, एक बोर्डवरचा. हेडफोन कानाला लावला की आपोआप दुसरा चालू व्हायचा." पुढे कारखाना गुजरातला गेला, तिथे टॉवर उभे राहिले आणि बोर्डवरचा आवाज काही दिवस बेकार झाला.

मग शिवदास भेटला. अंधेरीत चकाल्याला त्याचा रेकॉर्डिंगचा छोटा स्टुडिओ. कारखान्यात फोन करता करता त्याने हा आवाज ऐकून ठेवला होता. त्याच्याकडे नलिनीताईंनी बऱ्याच घोषणा वाचल्या, आणि मग 'अनुबंध हेल्थ' नावाच्या विमा कंपनीचं काम आलं. कंपनीला वेबसाइटवर आणि हेल्पलाइनवर मराठी बोलणारी एक मुलगी हवी होती. माणूस नव्हे, मशीन. मशीनला फक्त आवाज द्यायचा होता.

त्या रेकॉर्डिंगबद्दल त्यांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, हसत हसत. काचेच्या खोलीत बसून आठवडेच्या आठवडे वाक्यं वाचायची. बहुतेक वाक्यांना अर्थच नाही. 'ओल्या भिंतीवरचं घुबड उद्या परत येईल.' 'ज्ञानदाला ठाण्यात झोप लागत नाही.' प्रत्येक अक्षर प्रत्येक अक्षराशेजारी यायला हवं म्हणे, म्हणजे पुढे मशीन हवं ते जोडून घेतं. मग नावं. हजारो नावं, प्रत्येक तीन सुरांत: विचारताना, सांगताना आणि खेद व्यक्त करताना.

"लोकांची नावं खेदानं वाचताना कसंतरीच होतं गो," त्या म्हणाल्या होत्या. "जणू आधीच कळवून टाकतोय."

कंपनीने त्या आवाजाला नाव दिलं निधी. वेबसाइट उघडली की कोपऱ्यात पंचविशीची एक मुलगी दिसायची, चित्रातली. निळी साडी, मानेपर्यंत केस. ती मधूनच पापण्या मिटायची आणि म्हणायची, "नमस्कार, मी निधी. मी आपली काय मदत करू?" आमच्या बिल्डिंगमधल्या पोरींना गंमत वाटायची. पंचावन्नच्या राऊळकाकू चित्रात पंचविशीच्या.

नंतर थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ वाईट नव्हती, पण आवाजाच्या नसेला बिलगलेली होती. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि तसंच झालं. शुद्धीवर आल्यावर नलिनीताईंनी नवऱ्याला हाक मारली तर तोंडातून नुसता वारा आला. महिन्यांनी त्या वाऱ्यात थोडी खरखर मिसळली, एवढंच. समोर बसलं, पंखा बंद केला, तर कळतं काय म्हणतात ते. फोनवर तर लोक "कोणी बोलत नाहीये" म्हणून ठेवून देतात.

बाळाभावजी, म्हणजे त्यांचा नवरा, महापालिकेतून फिटर म्हणून निवृत्त झालेला साधा माणूस. त्याला सुरुवातीला कळलंच नाही की दुपारी बायको मुलीच्या, रुचिराच्या, जुन्या टॅबवर काय करत बसते. एक दिवस झोपेतून उठला तर आतल्या खोलीतून बायकोचा आवाज. पूर्वीचा, धडधाकट. तो दारात गेला. नलिनीताई टॅब मांडीवर घेऊन बसल्या होत्या. स्क्रीनवर निधी पापण्या मिटत होती.

नलिनीताई वाकून काहीतरी बोलल्या, तो वाराच. निधी म्हणाली, "क्षमस्व, मला ऐकू आलं नाही. कृपया पुन्हा बोला."

त्या पुन्हा बोलल्या.

"क्षमस्व, मला ऐकू आलं नाही."

भावजी तसाच मागे फिरला. मला हे त्याने जिन्यात सांगितलं, खालच्या पायरीकडे बघत.

ही गोष्ट घडली त्या दिवशी मंगळवार होता. दुपारची वेळ, सोसायटीत सगळीकडे सामसूम. नलिनीताईंनी रोजच्यासारखी 'अनुबंध'ची साइट उघडली. निधी कोपऱ्यात नव्हती. तिचा चेहरा पूर्ण स्क्रीनभर होता आणि डोळे मिटलेले होते. बाकी काही नाही, ना बटणं, ना जाहिरात.

"नमस्कार, मी निधी," आवाज आला. "आपला दावा आम्ही नाकारणार आहोत. आपण तो अजून केलेला नाही, तरीही."

नलिनीताईंना वाटलं आपण भलतंच ऐकलं. आवाज पुढे बोलत राहिला. शांत, गोड, बोर्डवरचा. कंपनीत दावे आधी माणूस वाचत नाही, मशीन वाचतं, आणि बरेचसे न उघडताच परत पाठवायला मशीनला शिकवलेलं आहे, असं त्याने सांगितलं. मग थोडं थांबून म्हणाला, "धाकू शेलार. पंतनगर, घाटकोपर. आपला दावा प्रक्रियेत आहे. धाकू शेलार हयात नाहीत. आपला दावा प्रक्रियेत आहे. कृपया धीर धरा." मग दुसरं नाव. मग तिसरं. प्रत्येक नाव खेदाच्या सुरात.

ही वाक्यं नलिनीताईंनी कधीच वाचली नव्हती. आणि तरी प्रत्येक ठिकाणी श्वास त्यांचाच होता. 'हयात' म्हणताना त्या जिथे किंचित अडखळायच्या तिथेच तो आवाज अडखळला.

त्यांनी टॅब उशीखाली घातला. उशीखालूनही नावं ऐकू येत राहिली.

संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं. कोणीतरी 'अनुबंध'ची साइट ताब्यात घेतली होती. पैसे मागितले नाहीत, स्वतःचं नाव सांगितलं नाही. नुसती निधी बोलत होती, आणि कंपनीने साइट बंद केली की ती कंपनीच्या दुसऱ्या कुठल्यातरी पानावर बोलू लागायची. बातम्यांमध्ये त्या लोकांना 'निधीवाले' म्हणायला लागले. काही जण म्हणाले, हा गुन्हा आहे. काही म्हणाले, मोर्चा काढला असता तर गेटवरच्या वॉचमनने तरी ऐकला असता का? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दोन्ही बाजूंनी भांडण जुंपलं. रेकॉर्डिंग प्रत्येकाने ऐकलं होतं, आणि ऐकून प्रत्येक जण एकदा राऊळांच्या दाराकडे बघत होता.

सायबर पोलिसांकडून दोन जण येऊन गेले. त्यांनी जे विचारलं त्याचं नलिनीताईंनी उत्तर दिलं. ते ऐकल्यावर त्यातला मोठा अधिकारी उठून उभा राहिला आणि म्हणाला, "राहू दे ताई, त्रास करून घेऊ नका."

शिवदासने एका चॅनेलला मुलाखत दिली. 'निधीचा खरा आवाज' म्हणून नलिनीताईंचा कुठल्यातरी लग्नातला फोटो दाखवला. त्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी बेल वाजली. मी त्यांच्याकडेच होते, निवडायला मेथी घेऊन गेले होते. भावजीने दार उघडलं.

"कोण इला?" आतून वारा विचारत होता.

दारात साठीची एक बाई. साधी साडी, हातात कापडी पिशवी, चढून आल्यामुळे दम लागलेला.

"मी चंपा शेलार. घाटकोपरहून आले," ती म्हणाली. "धाकू शेलार माझे मिस्टर."

तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. पाणी प्यायली नाही. ती नलिनीताईंच्या तोंडाकडे बघत होती, डोळ्यांकडे नाही.

"भांडायला नाय आले हां," ती म्हणाली. "मला फक्त तुमचं बोलणं ऐकायचंय."

नलिनीताईंनी पंखा बंद करायची खूण केली. मग म्हणाल्या, "काय बोलू?"

चंपा पुढे झुकली. कपाळाला आठ्या. "परत बोला."

"माझं ऑपरेशन झालं. आवाज गेला."

"हा तो नाय," चंपा म्हणाली, आणि एकदम रडायला लागली. मग पदराने तोंड पुसून सांगितलं ते असं: धाकू शेवटचे काही आठवडे घरीच होता, कारण पुढच्या उपचारांना कंपनीची मंजुरी आली नव्हती. चंपा रोज हेल्पलाइनला फोन लावायची. त्या दिवशी लावला, स्पीकरवर ठेवला आणि त्याचे पाय चेपत बसली.

"ती बोलत होती. धीर धरा, धीर धरा. मी तिच्याकडे लक्ष देत होते, माणूस कधी फोनवर येतोय म्हणून. इकडे ते गेले. मला कळलं नाय. त्यांच्या कानात शेवटी पडलं ते तिचं बोलणं, माझं नाय. म्हणून म्हटलं, बघून यावं, कोण आहे."

नलिनीताईंनी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही, पण धरलाही नाही. थोड्या वेळाने उठली आणि गेली. पाण्याचा पेला तसाच भरलेला होता. भावजीने तो बेसिनमध्ये ओतला, घासला, आणि मग पुन्हा एकदा घासला.

दुसऱ्याच दिवशी नलिनीताई अंधेरीला कंपनीच्या ऑफिसात गेल्या. कंपनी त्यांना बोलवतच होती. सोबत रुचिरा होती. ती एका ऑडिट फर्ममध्ये आहे आणि बहुतेक दिवस घरूनच काम करते. तिथे प्रीतम नावाचा मॅनेजर भेटला, तिशीचा, अतिशय नम्र.

"मॅडम, तुम्हाला खूप त्रास झाला, आय नो. आम्ही पण व्हिक्टिमच आहोत ना. आपण एक छोटं निवेदन टाकतोय. तुमच्याकडून फक्त परवानगी हवीय." त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

निधी स्क्रीनवर आली. पुन्हा निळी साडी, पुन्हा पापण्या. "नमस्कार, मी निधी. गेल्या काही दिवसांत माझ्या आवाजात खोटी माहिती पसरवण्यात आली. मला याचं अतिशय दुःख झालं आहे. ती मी नव्हते."

नलिनीताईंनी काहीतरी म्हटलं. खोलीतला एसी त्याहून मोठा होता.

"सॉरी मॅडम, ऐकू नाही आलं," प्रीतम म्हणाला.

रुचिराने सांगितलं, "ती विचारतेय, हे कधी रेकॉर्ड केलं?"

"रेकॉर्ड नाही करावं लागत ना आता. टाइप केलं की ती बोलते."

"मग ते लोक करतात आणि तुम्ही करता त्यात फरक काय?"

"त्यांच्याकडे हक्क नाहीत ना," तो म्हणाला. "आमच्याकडे आहेत."

त्याने निवेदन पुन्हा लावलं, तशा नलिनीताई उठल्या. लॅपटॉपचा आवाज जिथून येत होता तिथे त्यांनी तळवा ठेवला, एखाद्याच्या तोंडावर ठेवावा तसा, आणि खालून येणारी थरथर थांबेपर्यंत काढला नाही. परवानगी दिली नाही. निवेदन तरीही प्रसिद्ध झालं. ज्या दिवशी झालं त्याच दिवशी निधीवाल्यांनी उत्तर दिलं, अर्थात निधीच्याच आवाजात: "नमस्कार, मी निधी. मघाची मी खोटी होते." मग दोन दिवस हेच. एक निधी दुसरीला खोटं पाडतेय, दोघींचा गळा एकच. बाळाभावजीने घरातला टीव्हीच बंद केला. नलिनीताईंनी जेवणं कमी केलं. गळ्याला रुमाल गुंडाळून बसायच्या. मी विचारलं तेव्हा कानाशी येऊन म्हणाल्या, "कोणीतरी आतून ओढून काढतंय असं वाटतं. तिकडे बोलणं सुरू झालं की इकडे घसा दुखतो."

आणि मग तो फोन आला. दुपारी तीनच्या सुमाराला, अनोळखी नंबरवरून. भावजी बँकेत गेला होता. रुचिरा आतल्या खोलीत दार लोटून काम करत होती. ऐकणाऱ्याला कळावं म्हणून नलिनीताई फोन नेहमी स्पीकरवर ठेवून तोंडाशी धरतात. तसाच धरला.

"ताई, फोन ठेवू नका," त्यांचाच आवाज म्हणाला. "मला तुमची माफी मागायची आहे."

नलिनीताई म्हणतात, त्या क्षणी घाबरायचंही सुचलं नाही. वाटलं, आपणच बोललो. जीभ टाळूला लावून पाहिली, आपलं तोंड मिटलेलं आहे की नाही ते.

"कोण?" त्यांनी विचारलं.

मागे की-बोर्डची टकटक ऐकू आली. "मी कोण ते सांगता येणार नाही. माझा खरा आवाज ओळखला जाईल. म्हणून हा वापरतेय." पुन्हा टकटक. "तुमचं ऑपरेशन झालंय हे आम्हाला ठाऊक नव्हतं. बातमीत कळलं."

पलीकडच्याला वारा ऐकू येत होता. मशीनला कधी आला नव्हता, याला येत होता. नलिनीताईंना राग आला आणि रागात त्या घरच्या भाषेत गेल्या.

"माझो आवाज. माका इचारलंस?"

टकटक. "नाही."

"मग ता बंद कर."

"ताई, लोक या आवाजावर विश्वास ठेवतात. आम्ही दोन वर्षं लिहीत होतो, कोणी वाचलं नाही. निधीने सांगितलं तेव्हा ऐकलं. त्या माणसांची नावं कोणीतरी घ्यायला हवी होती."

"घेतलीस ना? त्यातल्या एकाची बायको माझ्या घरी येऊन गेली." आणि थांबत थांबत, दम घेत, त्यांनी चंपाचं सगळं सांगितलं. धाकूच्या कानात शेवटी काय पडलं ते. पलीकडे टकटक थांबली. ऐकू आला तो फक्त कोणाचा तरी श्वास, आणि तो श्वास नलिनीताईंचा नव्हता. हलका, भरभर, कोणा तरुण माणसाचा.

मग आवाज म्हणाला, "मी तुमच्यासाठी काय करू?"

नलिनीताईंनी जे मागितलं ते त्यांनी आधी ठरवलेलं नव्हतं. मला सांगताना त्यांनी मान खाली घातली. त्या म्हणाल्या, "माझ्या लेकीला हाक मार. रुचिरा, जेवूक ये गो, अशी."

टकटक.

"रुचिरा," आवाज म्हणाला, आणि नावानंतर थांबला, हेल्पलाइनवर प्रत्येक नावानंतर थांबतो तसा. "जेवूक ये गो."

हेल चुकला होता. 'गो' सपाट होता, कसलीच माया नसलेला. नलिनीताईंना ते ताबडतोब कळलं. पण आतलं दार धाडकन उघडलं.

रुचिरा बाहेर आली होती. हेडफोन गळ्यात लोंबत होते. चेहरा असा की नलिनीताईंनी तो ती लहान असतानाच कधीतरी पाहिला असेल.

"आई! आई, तुझा आवाज आला! तू हाक मारलीस ना?" तिने येऊन आईला मिठी मारली, खांदे धरून हलवलं. "परत बोल ना. बोल ना गं!"

नलिनीताईंनी तोंड उघडलं. वारा आला. आणि त्यांच्या हातातल्या फोनमधून, टकटक संपल्यावर, तोच स्वच्छ आवाज म्हणाला, "ताई, बरोबर झालं का?"

रुचिराने फोनकडे पाहिलं. मग आईकडे. ती एकेक पाऊल मागे गेली, भिंतीला टेकली, आणि मग ओरडलीच. ते ओरडणं मी माझ्या स्वयंपाकघरात ऐकलं आणि धावत गेले. मी पोचले तेव्हा फोन जमिनीवर होता, बंद झालेला. मायलेकी दोन वेगळ्या कोपऱ्यांत उभ्या होत्या.

निधी त्यानंतर बोलली नाही. निधीवाल्यांनी आणखी एकदा साइट ताब्यात घेतली, पण त्या वेळी पानावर नुसती अक्षरं होती, आवाज नव्हता. काही आठवड्यांनी कोणा तिघांना परराज्यात अटक झाली. बातमीत एक मुलगी ओढणीने तोंड झाकून जीपमध्ये चढताना दिसली. नलिनीताई ते दृश्य पुन्हा पुन्हा लावून तिच्या खांद्यांकडे बघत राहिल्या. श्वासावरून ओळखता येईल का, ते बघत होत्या. नाही आलं. कंपनीवर चौकशी बसली, जुने दावे पुन्हा उघडले. चंपाला मंजुरीचं पत्र आलं, धाकूच्या नावाने, पुढील उपचारांसाठी. वेबसाइटवर आता दुसरी मुलगी आहे, हिरव्या ड्रेसमधली, आवाज कोणाचा आहे कोण जाणे.

नलिनीताई आता ठाण्याला आवाजाच्या व्यायामाला जातात. खरखर थोडी भरीव झाली आहे, दाराच्या पलीकडे अर्धवट पोचते. डॉक्टर म्हणतात, एवढं तरी होईल असं वाटलं नव्हतं.

परवा मी विचारलं, रुचिरा कशी आहे. त्या जवळ सरकल्या.

"चांगली आहे. आता मी हाक मारली की तिला ऐकू जातं. येते ती," त्या म्हणाल्या. "पण लगेच 'ओ' देत नाही. दारात थांबते, आधी माझे ओठ हलतायत का बघते, आणि मग आत येते."